अवकल समीकरणे की व्यक्ती-आधारित प्रतिमाने?

केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ मध्ये साथरोगांसाठी मांडलेल्या गणिताच्या सर्वांत परिचित रूपात लोकसंख्येचे संसर्गप्रवण (अजून संसर्ग न झालेले), संसर्गित आणि बरे झालेले असे गट पडतात, आणि प्रत्येक गट कोणत्या वेगाने बदलतो हे अवकल समीकरणे सांगतात. प्राचले (म्हणजे आपण ठरवायचे आकडे: संसर्गाचा आणि बरे होण्याचा दर) दोनच, साथ पसरण्याचा उंबरठा कागदावरच काढता येतो. हीच रचना अफवांच्या प्रसारालाही लागू पडते.

मात्र येथे कोणीही कोणालाही सारख्याच शक्यतेने भेटतो असे गृहीत धरलेले असते. शिवाय रुग्ण मोजकेच असताना सरासरी फसवी ठरते: प्रत्येक रुग्ण सरासरी दोघांना संसर्ग देत असला, तरी संसर्गकाळ घातांकी वितरणाचा (म्हणजे कोणत्याही क्षणी बरे होण्याची शक्यता सारखीच) मानल्यास एका रुग्णापासून निघालेली साखळी निम्म्या वेळा आपोआप तुटते. समीकरणाला ही शक्यता दिसतच नाही.

व्यक्ती-आधारित प्रतिमानाला, म्हणजे प्रत्येक व्यक्तीचे वागणे स्वतंत्रपणे चालवून पाहणाऱ्या प्रतिमानाला, ती दिसते. अशाच प्रतिमानातून अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये दाखवले की, शेजाराबद्दलच्या सौम्य पसंतीतूनही वस्तीची तीव्र विभागणी होऊ शकते. किंमत अशी की, संगणकावर असंख्य फेऱ्या चालवाव्या लागतात आणि प्राचले इतकी वाढतात की ती जुळवून जवळपास कोणताही आलेख मिळवता येतो. म्हणून मी समीकरणांपासून सुरुवात करेन आणि संख्या लहान किंवा संपर्काचे जाळे विषम असेल तेव्हाच दुसरीकडे वळेन.