"महिन्याभरात कुत्रा तयार" म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

आमचा ब्रुनो लॅब्रॅडॉर. फोंड्याला घरी आणला तेव्हा पाच महिन्यांचा. जीव लावणारा, पण सकाळी पोदेराचा, म्हणजे सायकलवरच्या पाववाल्याचा, पों-पों ऐकला की गेटवर झेप आणि भुंकून घर डोक्यावर. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, पाहुण्यांचा राबता, वर फटाके, म्हणून त्याआधी वळण लावून घ्यायचं ठरवलं. किनाऱ्याकडचा एक ट्रेनर म्हणाला, "महिनाभर माझ्याकडे ठेवा, जंटलमन करून देतो." अठरा हजार, सगळे आधी, जीपेवर. पावती नाही. लसीचं कार्डसुद्धा त्याने मागितलं नाही. दहा घरचे कुत्रे एकत्र ठेवले की पार्वो, केनेल कफसारखे साथीचे रोग पसरायला कितीसा वेळ लागतो?

भेटायला मनाई, का तर "त्याचं लक्ष उडतं." दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ यायचा: ब्रुनो बसतोय, आडवा होतोय. धाकट्या जावेने ते एकामागून एक लावून पाहिले आणि म्हणाली, "ताई, हे सगळे एकाच दिवशी काढलेत." मागे दोरीवर तीच निळी लुंगी, तसाच पीळ पडलेली. अंगण कोरडं ठणठणीत. जुलैत! गोव्यात!

दुसऱ्याच दिवशी जाऊन त्याला घेऊन आलो. निघताना ट्रेनरने ऐटीत "सिट" करून दाखवलं. ब्रुनो बसला खरा, पण कान मागे, शेपूट पोटाखाली आणि सारखा ओठ चाटत होता. घरी आंघोळ घालताना मानेच्या केसांखाली ओळीने बारीक खपल्या लागल्या. काटेरी पट्टा. नवऱ्याने नेहमीचा पट्टा उचलला तर ब्रुनो जागच्या जागी मुतला. पोदेरावर भुंकणं होतं तसंच.

मारून शिकवलेला कुत्रा मारणाऱ्यापुरताच शिकतो, असं आमचे डॉक्टर म्हणाले. आणि कायद्याची जरब म्हणाल तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त 50 रुपये दंड. अठरा हजार घेणाऱ्याला पन्नास रुपये!

ट्रेनर बोलवायचाच तर घरी येऊन तुमच्यासमोर शिकवणारा बोलवा. शिकायचं असतं ते निम्मं आपल्यालाच. त्याला एकच विचारा: कुत्रा चुकला की तुम्ही काय करता? "थोडा कडक हात लागतोच" असं उत्तर आलं तर तिथेच नमस्कार करा. खात्रीची मुदत देणाऱ्यालाही.

डॉक्टरांनी सांगितलेला उपाय फुकटातला निघाला. पोदेराचा भोंपू मोबाइलवर रेकॉर्ड केला. अगदी हळू लावायचा आणि ब्रुनोने भुंकायच्या आत उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्यायचा. तो शांत राहिला तरच आवाज किंचित वाढवायचा. तुकडा लगेच मिळाला पाहिजे, फ्रीजपर्यंत जाऊन येईस्तोवर त्याला संबंध कळत नाही. आता भोंपू वाजला की तो गेट सोडून माझ्याकडे बघतो. पट्ट्याची भीती मात्र अजून पुरती गेलेली नाही. पट्टा जमिनीवर ठेवून त्याच्या बाजूला खाऊ टाकतो, गळ्यात घालायची घाई करत नाही.

पैसे परत मागितल्यावर ट्रेनरने नंबर ब्लॉक केला. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. पावती नव्हती, म्हणून जीपेचे स्क्रीनशॉट, खपल्यांचे फोटो आणि ते व्हिडिओ जोडले. कुणी असेच पैसे दिले असतील तर रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका.