जोडीने इमॅजिका: हात कुठे धरावा, कुठे सोडावा

खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका हे थीम पार्क २०१३ साली सुरू झालं आणि तेव्हापासून त्याची ओळख कुटुंबाने जायचं पार्क अशीच राहिली. आठवड्याच्या मधल्या वारी मात्र तिथे कॉलेजातली जोडपी, लग्नाला महिनाही न झालेली नवरा-नवरी आणि पोरं शाळेत सोडून आलेले चाळिशीतले दोघं असे सगळे दिसतात. हे परीक्षण त्यांच्यासाठी आहे. राइड किती थरारक, जेवण कसं, हे इतरत्र भरपूर लिहिलेलं सापडतं. इथे प्रश्न वेगळा आहे: दोघांना दिवसभर एकमेकांच्या जवळ राहायचं आहे, तर या पार्कात ते कुठे सहज जमतं, कुठे अडतं आणि का अडतं.

सुरुवात रांगेपासून करू, कारण गर्दीच्या दिवशी दिवसाचा मोठा भाग तिथेच जातो. थीम पार्कमधली रांग रेलिंगच्या नागमोडी वळणांची असते. तुमच्या मागे उभं असलेलं कुटुंब अर्धा-पाऊण तास तुमच्या मागेच राहतं, आणि वळण आलं की तेच कुटुंब समोरासमोर येतं. मोकळ्या रस्त्यावर कुणी खांद्यावर डोकं ठेवलं तर बघणारा दोन सेकंदांत पुढे निघून जातो. रांगेत त्याला कुठेच जाता येत नाही, त्याच्या कडेवरच्या पोराला मान वळवता येत नाही. बहुतेक कुरबुरी इथेच होतात, आणि त्यांचं मूळ जवळिकीपेक्षा या अडकून पडण्यात असतं. म्हणून साधा हिशेब: हात धरणं, खांद्यावर हात, पाठ टेकून उभं राहणं रांगेत कुणाला खटकत नाही. मिठी आणि चुंबन रांगेबाहेर. आणखी एक गोष्ट, एकाने रांगेत उभं राहून दुसऱ्याला मागाहून आत घेणं टाळा. त्यावरून होणारी भांडणं जवळिकीवरून होणाऱ्या भांडणांपेक्षा जास्त असतात. पाणी पिणं, बाथरूम, सगळं उरकून दोघांनी एकदमच रांगेला लागावं.

आता सीट. नायट्रो ही इथली सगळ्यात मोठी कोस्टर, स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड कंपनीची, पायाखाली फळी नसलेली. एका ओळीत चार सीट असतात, त्यामुळे जोडपं तुटत नाही, पण ओळीतले उरलेले दोघं अनोळखी असू शकतात. दोघांपैकी ज्याला अनोळखी माणसाशेजारी बसायचं नाही त्याने कडेची सीट घ्यावी. उभं राहायची ओळ ठरण्याआधीच हे आपसात ठरवून ठेवा, कारण गेट उघडल्यावर अदलाबदल करायला वेळ नसतो. वरून येणारा हार्नेस खांदे आणि छाती धरून ठेवतो, मान वळवून एकमेकांकडे बघणं जवळजवळ अशक्य. हात मात्र धरता येतो. गाडी साखळीवरून वर चढत असते तेवढा वेळ खुशाल धरा आणि माथ्यावर पोचलं की सोडा. उलट्या वळणांत हाताचं वजन कित्येक पट झाल्यासारखं वाटतं, हात आपोआप खाली खेचला जातो किंवा बाहेर फेकला जातो, आणि बोटांत बोटं गुंतलेली असतील तर मनगट पिरगळतं. बोटात अंगठी असेल तर शेजारच्या बोटाला चिमटा बसतो तो वेगळाच. अंगठ्या उतरवून ठेवाव्यात.

नव्या नवरीने तर जास्तच सांभाळायला हवं. हिरवा चुडा घालून कोस्टरवर बसू नये. काचेची बांगडी हार्नेसवर आपटून फुटली तर ती स्वतःला आणि शेजाऱ्याला, दोघांनाही कापते. चुडा काढायचा नसेल तर त्या दिवशी शांत राइडच घ्याव्यात. मंगळसूत्र हार्नेसखाली आलं की वाटीचा कोपरा छातीत रुततो. ते काढून पाकिटात, पाकीट लॉकरमध्ये. ओढणी, पदर, लांब स्कार्फ यांना वेगवान राइडवर मनाई असते ती योग्यच आहे, चाकात कापड अडकण्याची भीती खरी आहे. मागे पट्टा नसलेल्या चपला नायट्रोसारख्या राइडवर काढाव्या लागतात. तेव्हा दोघांनीही पट्ट्याच्या सँडल किंवा बूट घालून जाणं बरं.

ज्या राइडवर एकच बार दोघांच्या मांड्यांवर येतो तिथे वेगळी अडचण असते. बार जाड मांडीवर अडकून थांबतो आणि बारीक माणसाच्या मांडीवर चार बोटं फट राहते. उताराला तो बारीक माणूस उसळतो, घाबरतो, आणि मग जोडीदाराला घट्ट धरतो, इथवर छान आहे. पण बार कमी दाबला गेला म्हणून ऑपरेटर पुन्हा तपासायला आला तर मांडीवरचा हात बाजूला घ्या. हात बाराखाली राहिला तर बार पूर्ण लॉक होत नाही आणि अख्खी गाडी खोळंबते. गोल फिरणाऱ्या राइडमध्ये वजनदार माणसाने बाहेरच्या बाजूला बसावं. वेग वाढला की आतला माणूस बाहेरच्यावर घसरत जातो, आणि आत जड माणूस असेल तर बाहेरचा चेंगरतो.

हे घसरणं काही योगायोगाने आलेलं नाही. जॉर्ज टिल्यू याने १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर स्टीपलचेस पार्क उघडलं ते याच जाणिवेतून. त्या काळात चारचौघांत तरुण-तरुणीने एकमेकांना स्पर्श करणं वाईट समजलं जाई. लाकडी घोड्यावर दोघांनी मिळून बसायचं, फिरत्या पिंपातून चालताना एकमेकांवर पडायचं, आणि दोष राइडवर ढकलायचा. पिट्सबर्गजवळच्या केनीवूड पार्कात १९०१ ची ‘ओल्ड मिल’ आहे, अंधाऱ्या बोगद्यातून होडी नेणारी. जवळ यायला सभ्य निमित्त मिळवून देणं हे थीम पार्कचं अगदी जुनं काम आहे. म्हणून पार्कात जोडपी जवळ बसली याचं ज्यांना आश्चर्य वाटतं, त्यांनी राइडची रचना एकदा नीट पाहावी.

अंधाराचा मात्र कुणी गैरसमज करून घेऊ नये. डार्क राइडमध्ये आपल्याला काळोख दिसतो, पण ऑपरेटरसमोरच्या पडद्यावर इन्फ्रारेड कॅमेऱ्यांतून सगळं दिसत असतं. कुणी गाडीत उभं राहिलं, कुणाला चक्कर आली, हे कळावं म्हणून ते कॅमेरे असतात आणि असायलाच हवेत. इमॅजिकातली सलीमगड किंवा अंधारात सुटणारी डीप स्पेस ही एकांताची जागा नव्हे. ज्या राइडवर फोटो निघतो तिथे तो फोटो बाहेर पडताना भिंतीवरच्या स्क्रीनवर सगळ्यांना दिसतो, हेही लक्षात ठेवावं. घरी न सांगता आलेल्या जोडप्यांना याचा फटका बसू शकतो, कारण त्या स्क्रीनसमोर कोण उभं असेल ते सांगता येत नाही. अलीबाबा और चालीस चोर जोडीने जरूर करावी, पण तिथे हातात बंदूक घेऊन नेम धरायचा असतो, तेव्हा हात मोकळे नसतात. गुणांवरून आपसात चिडवाचिडवी मात्र भरपूर होते.

जोडप्यांसाठी या पार्कातली सर्वोत्तम राइड कोणती, तर आय फॉर इंडिया. पाय अधांतरी लोंबकळत, मोठ्या पडद्यासमोर देशभरावरून उडत गेल्याचा भास, आणि झटका असा नाहीच. हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरून ठेवता येतो. उंचीला घाबरणारा माणूस इथे शेजारच्याचा हात आपणहून धरतो. कॅरोसेलवर शेजारशेजारचे घोडे एकदम वर-खाली होत नाहीत, एक चढताना दुसरा उतरतो, त्यामुळे हात धरला की ओढाताण होते. रथासारखा बाक मोकळा असेल तर तोच घ्यावा. पन्नाशी-साठीच्या जोडप्यांना गुडघ्यांसाठीही तो सोयीचा.

वॉटर पार्कचं तिकीट वेगळं असतं आणि दोन्ही एका दिवसात कोंबू नयेत. पाण्यात नायलॉन किंवा लायक्राचेच कपडे चालतात. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, अंगाला चिकटतो आणि त्याचे धागे गाळणयंत्रात जातात. दोघांच्या ट्यूबवर मागच्या माणसाचे पाय पुढच्याच्या दोन्ही बाजूंनी येतात आणि पुढच्याने ते काखेत धरायचे असतात. पुढे कोण, मागे कोण, हे वजन पाहून जीवरक्षक ठरवतो, त्याच्याशी वाद घालू नये. लाटांच्या तलावात खांद्यावर बसवणं, कडेवर उचलणं यावर शिट्टी वाजते. ती लाजेखातर वाजत नाही. पाय घसरून दोघं पडले तर खाली एखादं मूल असतं. कपडे बदलायच्या खोलीच्या भिंतीवरून मोबाइल डोकावताना दिसला तर तिथल्या तिथे आरडाओरडा करा आणि व्यवस्थापनाला बोलवा. स्त्रीचं असं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

आता नियम. प्रौढ स्त्री-पुरुषाने लग्नाशिवाय एकत्र फिरू नये असा कोणताही कायदा नाही. लग्नाचा दाखला मागायचा अधिकार सुरक्षारक्षकाला नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ लागू होतं ते इतरांना त्रास होईल अशा अश्लील कृत्याला, आणि शिक्षा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ११० मध्ये सार्वजनिक जागी असभ्य वर्तन येतं. पार्कची जमीन खाजगी असली तरी तिकीट काढून कुणीही आत येतं, म्हणून या कलमांपुरती ती सार्वजनिकच. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विवाहित तरुण जोडप्याच्या प्रेमाच्या चारचौघांतल्या प्रकटीकरणाला अश्लीलता मानायला नकार दिला होता. कुणी ‘मिटवून टाकू’ म्हणत पैसे मागितले तर देऊ नका. नाव आणि हुद्दा विचारा, पावती मागा आणि माणसांच्या गर्दीत थांबा.

आपल्याकडच्या पार्कांबद्दल खरी तक्रार इथेच आहे. उंची किती हवी, हृदयविकार असेल तर काय, हे राइडच्या दारात चित्रासकट लिहिलेलं असतं. वागणुकीबद्दल मात्र ‘असभ्य वर्तन चालणार नाही’ एवढ्यावर भागवतात. असभ्य म्हणजे काय हे मग त्या पाळीतल्या रक्षकाच्या मनावर राहतं. एकाच बाकावर सकाळी चाललेलं संध्याकाळी चालत नाही, आणि बोलणं बहुतेक वेळा मुलीलाच खावं लागतं. दोन ओळी पुरेशा आहेत: हात धरणं, मिठी, गालाची पापी चालेल, त्यापुढचं नाही, आणि हटकायचं असेल तर दोघांना मिळून, हळू आवाजात, गणवेशातल्या माणसाने. दोन मुलगे किंवा दोन मुली जोडीने आल्या असतील तर त्यांनाही हाच नियम. पार्कांनी हे लिहावं, खर्च एका फलकाचा आहे.

जायचं तर मंगळवार-बुधवार, शाळेच्या सुट्ट्या सोडून. जून ते सप्टेंबर खोपोलीला पाऊस जोरदार असतो, विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड थांबतात आणि सगळी गर्दी छताखालच्या राइडवर येते. तेव्हा सकाळी ऊन असेपर्यंत नायट्रो उरकावी. बॅग एकच न्यावी, लॉकर एकच लागतो. संध्याकाळच्या परेडला पुढची जागा मुलांना सोडून मागे उभं राहावं. तिथून दिसतं नीट, आणि सगळ्यांची पाठ तुमच्याकडे असते. लोकलने परतणार असाल तर खोपोलीहून कर्जतला सुटणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत. वेळ आधी पाहून ठेवा आणि रिक्षाचे पैसे सुटे ठेवा.