अमेरिकेतली प्रोफेशनल फ्रॅटर्निटी: पैसे आणि वेळ वसूल होतो का?

निकाल आधीच सांगून टाकतो. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाला असाल आणि तुमच्या कॅम्पसवरचा चॅप्टर, म्हणजे संस्थेची तिथली शाखा, धड असेल, तर जरूर जा. तिसरं वर्ष निम्मं उलटल्यावर निव्वळ नोकरीच्या आशेने शिरणार असाल, तर राहू द्या.

फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या विद्यार्थ्यांची, निवडून सदस्य घेणारी संघटना. प्रोफेशनल फ्रॅटर्निटी एकेका पेशाभोवती उभी असते, सोशल फ्रॅटर्निटी मैत्री आणि सामाजिक जीवनाभोवती. बिझनेसवाल्यांत अल्फा कॅपा साय (१९०४) आणि डेल्टा सिग्मा पाय (१९०७) ही मोठी नावं, दोन्ही न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत सुरू झालेली. इंजिनिअरिंगला थीटा टाऊ, रसायनशास्त्राला अल्फा काय सिग्मा, वकिलीकडे वळणाऱ्यांना फाय अल्फा डेल्टा. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२च्या टायटल नाइन कायद्यातून, १९७४च्या दुरुस्तीने, सोशल फ्रॅटर्निटींना फक्त मुलांपुरतं राहायची सूट मिळाली, प्रोफेशनल फ्रॅटर्निटींना मिळाली नाही. त्यामुळे डेल्टा सिग्मा पायने १९७५ साली आणि अल्फा कॅपा सायने १९७६ साली मुलींना दार उघडलं. बीटा गॅमा सिग्मा किंवा टाऊ बीटा पाय यांच्याशी मात्र गल्लत करू नका. त्या ऑनर सोसायट्या, तिथे मार्कांच्या जोरावर आमंत्रण येतं. इथे लोक तुम्हाला निवडतात.

ही निवड म्हणजे रश. सेमिस्टरच्या सुरुवातीला आठवडा-दोन आठवडे चालतं: माहितीची संध्याकाळ, मेंबरांशी ओळखी, रेझ्युमे किंवा केसचा एखादा कार्यक्रम, मग फक्त बोलावलेल्यांची मुलाखत आणि शेवटी बिड, म्हणजे आत येण्याचं आमंत्रण. बहुतेकांची गाडी अडते ती ओळखींच्या संध्याकाळी. हॉलभर फिरून चाळीस जणांशी हात मिळवले की काम झालं, असा समज असतो. पण बिड ठरते ती बंद खोलीतल्या चर्चेत. पडद्यावर तुमचा फोटो येतो आणि 'याच्याबद्दल कोणाला काही बोलायचंय?' असं विचारतात. तिथे चार जण तुमच्याविषयी दोन-दोन वाक्यं ठोस बोलले, तर ते चाळीस हस्तांदोलनांना भारी पडतं. म्हणून पाच-सहा जणांशीच, पण नीट बोला. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या दोघांना कॉफी चॅटसाठी मेसेज टाका. मुलाखतीत रेझ्युमे वाचून दाखवू नका, तो त्यांच्या हातातच असतो. 'तुमच्या ओळखीने इंटर्नशिप मिळेल का' हा प्रश्न मनात ठेवा, तोंडावर नको.

बिड घेतली की प्लेजिंग, म्हणजे पूर्ण सदस्य होण्याआधीचा उमेदवारीचा काळ. साधारण सहा ते दहा आठवडे. आठवड्याची मीटिंग, संस्थेच्या इतिहासावर परीक्षा, निधी गोळा करणं, एखादा गट-प्रोजेक्ट, आणि अनेक ठिकाणी प्रत्येक मेंबरशी एकेकटी भेट. हिशोब करून बघा: चॅप्टरमध्ये ६० जण आणि प्रत्येकी अर्धा तास म्हटलं, तर नुसत्या भेटींतच ३० तास गेले. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसवर आठवड्याला २० तासांची नोकरी करणाऱ्याने त्या सेमिस्टरला अवघड विषय कमी ठेवावेत. प्लेजिंगमध्ये मार्क घसरतात ते मिड-टर्मच्या आठवड्यात, कारण कार्यक्रमांचं वेळापत्रक चॅप्टर ठरवतो, तुमचे प्राध्यापक नाहीत.

पैशांची गंमत अशी की विचारल्याशिवाय पूर्ण आकडा कोणी सांगत नाही. राष्ट्रीय संस्थेची एकदाच भरायची फी वेगळी, चॅप्टरचे दर सेमिस्टरचे ड्यूज, म्हणजे वर्गणी, वेगळे. त्यावर टी-शर्ट, फॉर्मल (नटूनथटून जायची पार्टी), सहल, कुठेकुठे गैरहजेरीचा दंड. खजिनदाराला सरळ विचारा: 'पहिल्या सेमिस्टरला सगळं धरून किती? हप्ते चालतात का? मधेच सोडलं तर काय परत मिळतं?' तिसऱ्या प्रश्नावर उत्तर गुळमुळीत आलं, तर भरलेले पैसे गेले असंच धरून चाला.

बदल्यात काय मिळतं? जाहिरात लाखो माजी सदस्यांच्या नेटवर्कची होते. प्रत्यक्षात उपयोगी पडतात ते तुमच्याच चॅप्टरमधले, तुमच्या एक-दोन वर्षं पुढचे दहा-बारा सीनियर. मॉक इंटरव्ह्यू तेच घेतात, रेझ्युमेवर लाल शाई तेच फिरवतात, रेफरलही, म्हणजे कंपनीतून होणारी शिफारसही, त्यांचंच येतं. म्हणूनच वेळ महत्त्वाची. मोठ्या बँकांच्या उन्हाळी इंटर्नशिपची भरती वर्षभराहून आधी, दुसऱ्या वर्षातच सुरू होते. दुसऱ्या वर्षाच्या फॉलमध्ये, म्हणजे वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये, आलेला डिसेंबरपर्यंत मेंबर होतो आणि जेमतेम वेळेत पोचतो. नंतर आलेल्याला मित्र मिळतात, भरती मात्र निसटलेली असते. आणखी एक: रेफरलने रेझ्युमे माणसाच्या नजरेखाली जातो, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची स्पॉन्सरशिप त्याने येत नाही. कंपनी स्पॉन्सर करते का, हे आपलं आपणच तपासायचं.

चॅप्टर तपासायची सोपी रीत म्हणजे लिंक्डइन. चॅप्टरचं नाव टाका, गेल्या दोन वर्षांत पदवी घेतलेले बघा, कुठे लागले ते लिहून काढा. मग त्याच विषयातले, मेंबर नसलेले तितकेच जण बघा. फरक किरकोळ दिसला, तर हुशार मुलं आधीच हुशार होती, एवढंच. वेबसाइटवरचे कंपन्यांचे लोगो मोजू नका. दहा वर्षांपूर्वी एक जण तिथे लागला असेल तरी लोगो झळकतो.

'प्रोफेशनल' या बिरुदावर विसंबून मात्र राहू नका. २०१८ साली सिरॅक्यूज विद्यापीठाने थीटा टाऊचा आपल्याकडचा चॅप्टर वंशद्वेषी व्हिडिओंमुळे कायमचा काढून टाकला. २०२४च्या अखेरीस झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार विद्यापीठांना आता हेझिंगचा, म्हणजे नव्या सदस्यांच्या रॅगिंगचा, अहवाल जाहीर करावा लागतो. विद्यापीठाच्या साइटवर तो शोधून रशच्या आधी वाचा. प्लेजिंगमध्ये फोन काढून घेणं, रात्री-अपरात्री बोलावणं, 'हे बाहेर सांगायचं नाही' असं बजावणं सुरू झालं, तर तिथेच थांबा.

सोडायचं असेल तर इनिशिएशनच्या, म्हणजे पूर्ण सदस्य करून घेण्याच्या विधीच्या आधी, लेखी ईमेलने सोडा. इनिशिएशननंतर सदस्यत्व आयुष्यभराचं धरलं जातं, आणि डेल्टा सिग्मा पायमध्ये गेलेल्याला अल्फा कॅपा सायची बिड मग घेता येत नाही. सोशल फ्रॅटर्निटीला ही आडकाठी नाही. दोन्हींत असणारे पुष्कळ सापडतात, झोप कमी झालेले.