प्लाय, पीव्हीसी की ॲल्युमिनियम? चवथीला निघायला हवीत अशी कपाटं

पहिल्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांचं) सामान आणायला आमची ईको व्हॅन, जिच्या आत कपाटं आणि बिछाना बसवून कॅम्पर केला होता, रिकामी करायला गेलो आणि डाव्या बाजूच्या कपाटाची फळी हलेचना. एप्रिलमध्ये अगदी मापात बसवलेली प्लाय पावसात फुगून चौकटीत रुतली होती. शेवटी पटाशीने उचकटली. मागे पत्र्यावर गंजाचा पट्टा होता.

म्हणून गोव्यात कॅम्पर करणाऱ्याने ‘कपाट कशाचं’ याच्या आधी ‘फळी जुलैत निघेल का’ हे ठरवावं. खिडकीच्या रबरातून झिरपलेलं पाणी, पत्र्याला आतून फुटणारा घाम, दाराच्या तळाची तुंबलेली निचऱ्याची भोकं, हे सगळं फळीमागेच लपतं.

आता साहित्य. प्लाय घ्यायची तर ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघा. त्या प्लायचा तुकडा चाचणीत ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. १२ मिमीचा ८ बाय ४ फुटी तक्ता साधारण २२ ते २५ किलो भरतो. १८ मिमी घरच्या ओट्याला ठीक, गाडीत उगाच ओझं. मात्र चिकटवण उकळत्या पाण्यात टिकलं तरी कापलेल्या कडा पाणी पितातच, त्यामुळे कडांना आणि प्रत्येक भोकाला इपॉक्सी हवं. सनमायका एकाच बाजूला लावली तर फळी वाकते. मागच्या बाजूलाही साधा पातळ थर (बॅकर) लावायला मेस्ताला, म्हणजे सुताराला, बजावून सांगा, तो हमखास टाळतो.

पीव्हीसी फोम बोर्ड पाण्याला भीत नाही, त्याला वाळवी लागत नाही. लोक त्याला हलका समजतात, पण बऱ्यापैकी घनतेचा १२ मिमी तक्ता २० किलोच्या आसपास जातो. खरी अडचण दोन ठिकाणी. स्क्रू धरून ठेवायची ताकद कमी, आणि बंद गाडी मे महिन्याच्या उन्हात उभी राहिली की लांब फळी मध्ये झोळ खाते. छोट्या खणांना, ओल्या कपड्यांच्या पेटीला उत्तम. बिछान्याखाली नको.

ॲल्युमिनियमची चौकट आणि त्यात ३ मिमीचा एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल), म्हणजे दुकानांच्या पाट्यांना वापरतात तो. तक्त्याचं वजन प्लायच्या निम्म्याच्या आसपास, फुगण्याचा प्रश्नच नाही. पण चौकटीचं वजन आणि खर्च वेगळा. मोरजी, पाळोळेच्या बाजूला गाडी वरचेवर उभी राहणार असेल तर आणखी एक गोष्ट: खाऱ्या दमट हवेत स्टेनलेस स्क्रू आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. स्क्रूही ३०४ किंवा ३१६ प्रतीचे मागा.

माझा कौल मिश्र आहे. बिछान्याखालच्या पेट्या १२ मिमी प्लायच्या, बाजूच्या काढत्या फळ्या एसीपीच्या. एकच साहित्य घ्यायचं असेल तर प्लायच. गावातल्या कुठल्याही मेस्ताला ती दुरुस्त करता येते.

पण खरा निकाल लागतो तो जोडणीत. लाकडाचा स्क्रू चार-पाच वेळा काढला-घातला की भोक सैल होतं, तक्त्याच्या कडेत तर लवकरच. प्लायमध्ये पितळी इन्सर्ट नट (फळीच्या भोकात कायमचा बसणारा आटे असलेला नट) बसवून एम-६, म्हणजे ६ मिमी जाडीचा, बोल्ट घाला, फळी कितीही वेळा काढा. मॅग्नेट कॅच दिसायला सुबक, पण चोर्ला घाटाच्या वळणावर भांडी आतून दाराला धडकली की तो सुटतो. दाराला बटण दाबून उघडणारं पुश लॉक हवं. ज्या फळीमागे सामान नाही तिला मॅग्नेट चालेल. मला आवडलेला मार्ग सगळ्यात जुना: खाली खाच, वर दोन फिरक्या, जुन्या घरांच्या खिडक्यांना असतात तशा. फळी खाचेत टेकवायची, फिरकी फिरवायची. पान्हाही लागत नाही.

चारही बाजूंना ३ मिमी फट सोडा. खडखडाट नको म्हणून फटीत फोमची पट्टी चिकटवा. रिबंदर-चोडण फेरीच्या उतारावर गाडी चढवताना ती नसल्याचं लगेच कळतं.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलात फरक पडेल असे बदल मनाने करता येत नाहीत, आणि आसनसंख्या त्या तपशिलात असते. सीट काढायची असेल तर आधी आरटीओत विचारा. मी सीटला हातच लावला नाही, सगळं मागच्या जागेत बसवलं. यंदा चवथीला चार बोल्ट सोडून पेट्या ओसरीवर काढल्या, दहा मिनिटांत. निरफणसापासून सुपारीच्या घडापर्यंत सगळं एका खेपेत आलं.