सेकंडहँड एअर पिस्तूल घेताय? आधी सिलिंडरवरची तारीख बघा

कोल्हापुरात मुलामुलींसाठी वापरलेलं एअर पिस्तूल शोधणाऱ्या पालकांसाठी हे लिहितोय. आमचे एक लाख दहा हजार रुपये गेले. ज्या पद्धतीनं गेले, तो उद्योग अजून चालू आहे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरनं १० मीटर एअर पिस्तूलमध्ये आणि आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं, आणि इथल्या रेंजवर नव्या पोरांची रीघ लागली. नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्या गावात हे व्हायचंच. माझी नववीतली लेकही त्यातलीच. पण नवीन पोरं आली की त्यांच्या पालकांना गाठणारेही येतात. मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेत चालणारं पिस्तूल, नेमकं कसं असतं, हे नवख्या घरात कुणाला माहीत नसतं, त्यावरच यांचं दुकान चालतं.

एक प्रकार स्वस्तातला. खऱ्या पिस्तुलासारखं दिसणारं, सीओटू वायूच्या छोट्या कार्ट्रिजवर (कुपीवर) चालणारं, पोलादी छर्रे उडवणारं पिस्तूल ‘ऑलिम्पिक टाइप’ म्हणून खपवतात. १० मीटरच्या स्पर्धेत ते चालत नाही. तिथं ४.५ मिलिमीटरची, शिशाची किंवा तशाच मऊ धातूची पेलेट (छोटी गोळी) लागते. पोलादी छर्रा कडक जागेवर आपटून उलटा येतो, डोळ्याला धोका.

आमच्या वाट्याला आला तो दुसरा प्रकार. व्हॉट्सअॅपवर एकानं युरोपियन बनावटीच्या नामांकित मॅच पिस्तुलाचे फोटो पाठवले. “पावणं, तीनच वर्षं वापरलंय, ट्रिगर लोण्यासारखा आहे,” असं फोनवर सांगितलं. सोबत कारखान्याच्या टेस्ट कार्डाचा, म्हणजे त्या पिस्तुलानं गोळ्या मारून तपासलेल्या कार्डाचा फोटो होता. कार्डाच्या कोपऱ्यावर चहाचा डाग होता, आणि मधोमध गोळ्यांचं मिळून पडलेलं एकच भोक. सांगलीचं गिऱ्हाईक उद्या येतंय, वीस हजार टाका म्हणजे माल राखून ठेवतो, म्हणाला. ज्या खात्यावर पैसे मागितले त्याचं नाव वेगळं होतं. ते मेव्हण्याचं, असं उत्तर मिळालं.

पिस्तूल दाखवलं एसटी स्टँडजवळच्या एका हॉटेलात. सिलिंडर, म्हणजे पिस्तुलाला जोडलेली हवेची टाकी, रिकामा, गेजचा काटा शून्यावर. हवा भरून प्रवासात आणत नाहीत, असं कारण दिलं. म्हणजे एकही गोळी न मारता व्यवहार व्हावा, अशी सगळी मांडणी आधीच केलेली होती. बिल मागितल्यावर म्हणाला, याला लायसन लागत नाही, मग बिल कशाला? इथं नीट लक्ष द्या. .१७७ इंचापर्यंतचा बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअर पिस्तुलाला परवान्यातून सूट आहे, हे खरंच आहे. पण परवाना न लागणं आणि बिल नसणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. उद्या वस्तू चोरीची निघाली तर ती आपल्याकडे कशी आली, हे सांगायला हातात कागद हवा.

तरीही आम्ही उरलेली रक्कम रोख देऊन पिस्तूल घेतलं. खरा प्रकार रेंजवर उघडा पडला. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरतात. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार असते, त्यावरून अंदाज करा. भरण्याआधी कोच सरांनी सिलिंडर उजेडाकडे धरून फिरवला. एका बाजूला चकचकीत स्टिकर होता. त्याची कड नखानं उचलली तर खाली कोरलेली अक्षरं, आणि तारखेच्या जागी कानशीनं घासलेलं. वर्षाचा शेवटचा आकडा गेला होता, पण आधीचे तीन तिरक्या उजेडात दिसत होते : २००. म्हणजे उशिरात उशिरा २००९ चा माल. अशा सिलिंडरची मुदत १० वर्षांची असते आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेतही चालत नाही. सरांनी भरायला साफ नकार दिला. चौदा वर्षांच्या पोरीच्या हातात, तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर, फुटू शकेल असा तो सिलिंडर असणार होता. पैशाचं मला वाईट वाटतं, पण या गोष्टीचा संताप येतो.

मग बाकीचं तपासलं. टेस्ट कार्डावरचा नंबर आणि पिस्तुलावरचा नंबर जुळत नव्हता, कार्ड दुसऱ्याच पिस्तुलाचं. ट्रिगर सुद्धा आतून घासलेला. नियमानं किमान ५०० ग्रॅमचं वजन त्यानं पेललं पाहिजे, हा त्याच्या आधीच सुटायचा. तेच ते लोणी! ग्रिप (मूठ) मोठ्या पंजाची, वर आधीच्या मालकानं लाकडाची पुट्टी भरून स्वतःच्या हाताला बसवलेली. लेकीचं बोट ट्रिगरपर्यंत धड पोचत नव्हतं. एरवी चांगल्या पिस्तुलातही ग्रिपचा साइज आणि हाताला पेलणारं वजन हेच नवशिक्यानं आधी बघायचं असतं. कंपनीचं नाव नंतर.

आता लेक क्लबच्याच पिस्तुलावर सराव करते, आणि तिचं छान चाललंय. सुरुवातीचे महिने असेच घालवायचे असतात, हे कुठलाही विक्रेता तुम्हाला सांगणार नाही. त्यानंतर घ्यायचंच असेल तर कोचला सोबत न्या, रेंजवरच हवा भरून गोळ्या मारून बघा, सिलिंडरवरचं प्रत्येक स्टिकर काढायला लावा. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. त्याआधी एक रुपयाही पाठवू नका.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्जही दिला. पण ही हेल्पलाइन उपयोगी पडते ती पैसे गेल्या गेल्या फोन केला तर, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवावी लागते. आमचा आगाऊ भरणा तोवर काढून घेतलेला होता आणि उरलेली रक्कम रोख होती. त्याचा नंबर बंद आहे. मात्र गेल्या आठवड्यात इचलकरंजीच्या एका पालकांनी मला एक फोटो पाठवला आणि हे पिस्तूल कसं वाटतं, असं विचारलं. पिस्तूल वेगळं होतं. टेस्ट कार्ड तेच, कोपऱ्यावर चहाचा डाग असलेलं. तो फोटो कुणाला आला तर आगाऊ पैसे पाठवू नका आणि नंबर लगेच पोलिसांना द्या.