जुन्या खुर्चीला सरस की पांढरा गम?

नवं काम असेल, ताजा रंधा मारलेलं मापातलं लाकूड असेल, तर फार विचार करू नका. पांढरा गम लावा, क्लॅम्पमध्ये आवळा आणि रात्रभर हात लावू नका. १९५९ साली फेव्हिकॉल हा पांढरा गम आला आणि सुतारांची सरस (जनावरांच्या कातड्यापासून केलेला गोंद) शिजवण्यातून सुटका झाली, ती उगीच नाही. सरस आधी तासन्‌तास भिजत घालायचा, मग पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून तापवायचा. उकळी फुटू दिलीत की त्याचा जोर गेला. शिवाय कातड्याचा तो वास! आमच्याकडे सरसाचं पातेलं वेगळं आहे आणि त्याला स्वयंपाकघरात बंदी आहे.

खरा प्रश्न येतो तो खिळखिळ्या झालेल्या जुन्या खुर्चीचा.

माझ्या सागवानी खुर्चीचा मागचा पाय मी पांढऱ्या गमानेच बसवला होता. तीन पावसाळे टिकला, मग पुन्हा हलायला लागला. उघडून पाहतो तर खोबणीत गमाचा प्लास्टिकसारखा पापुद्रा. त्यावर नवा गम धरत नाही, त्याला कोरं लाकूड लागतं. दोन संध्याकाळी पटाशीने खरवडत बसलो. गमाबरोबर लाकूडही निघालं आणि पायाचं टोक खोबणीत सैल पडलं. शेवटी सागवानाचीच पातळ कपची चिकटवून जागा भरली. एवढं सोडलं तर पांढऱ्या गमाबद्दल माझी तक्रार नाही. पण एवढंच मला पुरलं.

दुसरी खुर्ची मुळातच सरसाने जोडलेली निघाली. सांध्याला गरम पाण्याचं फडकं गुंडाळलं, ते दोनतीनदा बदललं, लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं आणि पाय हातात आला. उरलेला सरस खरवडायलाही लागला नाही, कारण नवा गरम सरस जुन्याला विरघळवून त्यात मिसळतो. व्हायोलिन दुरुस्त करणारे अजून सरस सोडत नाहीत ते त्यासाठीच.

घाई मात्र करावी लागते, निवला की तो थिजतो. भिंतींना ओल धरणाऱ्या घरात मी तरी सरस सुचवणार नाही. ओट्यावर पावसाचे शिंतोडे खाणाऱ्या खुर्चीला तर साधा पांढरा गमही नको, पाण्याला टिकणारा मरीन गम घ्या.

तिसरी खुर्ची परवापासून करकरतेय. सरस भिजत घातलाय.