सत्तावीस नंबरचा अंगरखा आणि आमचे २८,७०० रुपये

अठरा वर्षं हौशी नाटक करतोय. दाढी-मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा वास झोपेतसुद्धा ओळखीन म्हणून सांगत हिंडणारा मीच फसलो. हसायचं तर हसा, पण आधी वाचा.

राज्य नाट्य स्पर्धेला शिवकालीन नाटक, ड्रेस १४. नेहमीच्या ड्रेपरीत, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानात, ड्रेसला ५०० भाडं, म्हणजे प्रयोगाला ७,०००. स्पर्धेचा एक आणि नंतरचे सहा प्रयोग धरले तर ४९,०००. तेवढ्यात नाटकाचे कपडे शिवतो म्हणणारा एकजण भेटला. हा म्हणाला, ४६,५०० मध्ये नवे शिवून देतो, कपडे कायमचे तुमचे. तुम्ही काय केलं असतं? हिशेब सगळ्या ग्रुपनं मिळून केला होता. आता कुणी कबूल करत नाही ते सोडा.

वर त्याची कहाणी. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, त्यात म्हणे ह्याच्या कपड्यांच्या दोन ट्रंका गेल्या. त्या रात्री खासबागेजवळ उभं राहून रडलेली माणसं आम्ही. विचारलंच नाही, की बाबा, त्या दिवशी तुझ्या ट्रंका तिथं कुणाच्या प्रयोगाला आल्या होत्या?

नमुना म्हणून एक अंगरखा ठेवून गेला, ‘कालच शिवलाय.’ मी उलटापालटा करून बघितला. गळ्याच्या आतल्या बाजूला मेकअपचा पिवळट डाग, अस्तरावर जांभळ्या शाईत २७ आणि शेजारी उसवून काढलेल्या अक्षरांची भोकं. भाड्याच्या कपड्यावर असतो तसला नंबर! दिसलं होतं हो मला. पण तालमीला उशीर झालेला, सरदाराचं काम करणारा गावाला गेलेला, डोकं ठिकाणावर नव्हतं. मापं घेताना त्यानं तलवारबाजी कोण करणार हेसुद्धा विचारलं नाही. नाटकाचा दर्जी आधी हात वर करायला लावतो, बगलेत जादा कापड सोडतो. घाईत कपडे बदलायचा सीन कुठला, तेही विचारतो, कारण तिथं बंदाखाली छुपं हूक लागतं. हा नुसती छाती-उंची लिहून उठला.

ॲडव्हान्स १८,०००. आठ दिवसांनी ‘इचलकरंजीत कापड अडकलंय’ म्हणून ९,५००. शेवटी टेम्पोला १,२००. मग फोन बंद. पत्ता दिलेल्या गाळ्यात झेरॉक्सचं दुकान. कारागिराचं मशीन डोळ्यांनी बघितल्याशिवाय दमडी देऊ नका.

एका पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. केला. तक्रार नंबर मिळाला, पैसे गोठवायला उशीर झाला होता. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, माणूस समोर भेटला होता ना, मग हे सायबर नव्हे, आणि हद्दही आमची नव्हे. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, झिरो एफआयआर म्हणतात, हे मी त्यांना सांगायचं! त्यावर साहेब चहा पीत म्हणाले, ‘दिवाणी मॅटर आहे, मिटवून घ्या.’ कुणाशी मिटवू? झेरॉक्सवाल्याशी? बँकेत तर ‘पिन तुम्हीच टाकलाय’ एवढ्यावर बोळवण. चार हेलपाटे, दोन रजा, हातात साधी पोचसुद्धा नाही. स्क्रीनशॉट पहिल्या दिवशीच छापून ठेवा, ह्यांना कागद लागतो.

स्पर्धेला शेवटी नेहमीच्याच ड्रेपरीतून १४ ड्रेस आणले, ७,००० मोजून. अंगरखा अजून माझ्या खुंटीला आहे. कुणाच्या कपडेपटातला २७ नंबर गायब असेल तर सांगा आणि घेऊन जावा.